हाताचा भरवसा

मुंढेगाव मागे पडल्यावर गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूने ठकठक ऐकू यायला लागली. संध्याला आधी वाटलं, रस्त्याचाच आवाज असेल. पण रस्ता चांगला होता. आवाज वाढला, मग स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं.

"मॅडम, काहीतरी होतंय," शेजारी बसलेली दिशा म्हणाली. दोघी इगतपुरीच्या एकाच शाळेत शिकवायच्या, संध्या विज्ञान आणि दिशा इंग्रजी. नाशिक रोडहून रोज सकाळी संध्याच्याच गाडीतून जायच्या. दिशाला पाचवा महिना लागला होता.

संध्याने वेग कमी करत गाडी कडेला घेतली. दोन ट्रक हॉर्न देत गेले. खाली उतरून तिने पाहिलं, तर चाकाच्या चार नटांपैकी एक गायबच होता. दुसऱ्याला हात लावला, तो नुसत्या बोटांनी फिरला. तिसराही तसाच. सगळं चाक एका नटावर तगून होतं.

जवळच्या पंक्चरवाल्याने जॅक लावला, नट आवळले आणि विचारलं, "चाक कुणी खोललं होतं हे?"

"काल ब्रेक पॅड बदललेत."

"आणखी दोन किलोमीटर गेल्या असत्या ना ताई..." दिशा रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली होती, पोटावर दोन्ही हात ठेवून. थोड्या वेळाने एसटीला हात करून ती पुढे शाळेत गेली. संध्याने रजा कळवली आणि तीन नटांवर, चाळीसच्या पुढे न जाता, गाडी परत आणली.

ब्रेक पॅड बदलणाऱ्या सहादूभाऊंचं गॅरेज सिन्नर फाट्याजवळ, एकलहऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावर होतं. संध्याचे वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते तेव्हापासून त्यांच्या घरातलं प्रत्येक वाहन सहादूभाऊंच्याच हाताखालून गेलेलं. संध्याला गाडी चालवायला शिकवली तीही त्यांनीच, कॉलनीच्या मैदानात. त्यांच्या गॅरेजात मदतनीस कधी नव्हता. "दुसऱ्याच्या हाताचा भरवसा नाय," ते म्हणायचे.

पण गेल्या वर्षभरात हे तिसऱ्यांदा होत होतं. रेडिएटरचा पाइप बदलला, तर संध्याकाळी हेडलाइट लागेनात. एक वायर जोडायचीच राहिली होती. ऑइल बदललं, तर सकाळी गाडीखाली ऑइलचं थारोळं. दोन्ही वेळा सहादूभाऊंनी जीभ चावत दुरुस्त करून दिलं होतं आणि संध्याने ते मनावर घेतलं नव्हतं. माणूस पासष्टीचा झाला, एखादी गोष्ट राहते. वाटेत तिला सारखं वाटत होतं, मनावर घ्यायला हवं होतं.

"सहादूभाऊ, चाक निघालं असतं आज," ती उतरताच म्हणाली. "दिशा होती गाडीत. दिवस गेलेत तिला."

सहादूभाऊंचा चेहरा उतरला. ते चाकाशी बसले. "मी सोता आवळले ताई. चारही. देवाशपथ. कुणीतरी नट चोरायला..."

"एक चोरून बाकीचे सैल करून ठेवेल कुणी?"

सहादूभाऊ डब्यातून नवा नट काढून बसवायला लागले. नट बोटांतून सुटून खाली पडला आणि त्यांचा हात तसाच, काहीतरी धरल्यासारखा, चाकापर्यंत गेला. रिकाम्या बोटांनी ते नट फिरवू लागले. मग खाली पाहिलं, तेव्हा त्यांना कळलं.

तेवढ्यात संध्याला त्यांच्या मनगटाजवळचा फोड दिसला. रुपयाएवढा, पाण्याने भरलेला.

"हे काय झालं?"

"सायलेन्सरला लागलं असंल. कळलं नाय."

"भाजलेलं कळलं नाही?"

गॅरेजच्या मागेच त्यांचं घर होतं. लंकाबाई, त्यांची बायको, दारात येऊन उभी होती. ती म्हणाली, "परवा गरम चहाचं भगुनं उचललं उघड्या हातानं. मीच वरडले. साखर हाय त्यांना बारा वर्सं. गोळ्या घेतल्या तर घेतल्या."

"तू आत जा," सहादूभाऊ म्हणाले. ती गेली नाही.

संध्याने खालचा नट उचलला. "डोळे मिटा आणि दोन्ही हात पुढे करा."

"ही काय शाळा हाय का ताई?"

"मिटा ना."

त्यांनी डोळे मिटले. काळे, भेगाळलेले, कधीच न थरथरणारे हात. संध्याने नट उजव्या तळव्यावर ठेवला आणि थांबली. लंकाबाईने पदर तोंडाला लावला.

"ठेवा की," सहादूभाऊ म्हणाले.

कुणी उत्तर दिलं नाही, तेव्हा त्यांनी डोळे उघडले. नट तळव्यावरच होता.

"पाना फिरवला की हाताला कळायचं, बसला म्हनून," ते हळूच म्हणाले. "आता अंदाजानंच करतोय. लय महिने झाले."

संध्याचा राग कुठल्या कुठे गेला होता. त्या जागी भीती आली. "या आठवड्यात आणखी कुणाच्या गाड्यांची चाकं काढलीत?"

त्यांनी मनातल्या मनात मोजलं. तीन जणांना तिथूनच फोन लावले. तिघंही घरीच होते, गाड्या उभ्या होत्या. "माझ्याकडून काम नीट झालं नसंल, दुसऱ्याला दाखवून घ्या," एवढंच वाक्य ते प्रत्येकाला म्हणाले. चौथी गाडी कळवणच्या पुंजा पवारांची. ते काल संध्याकाळीच गावाला निघाले होते. ते फोन उचलेनात. पाचवी यादवची, तो मुलांना ने-आण करायचा ती शाळेची व्हॅन.

"तिचं काय केलंत?"

"मागच्या ब्रेकचे लायनर बदलले. कालच. दोन्ही चाकं खोलली व्हती."

यादवचा फोन वाजत राहिला. पावणेबारा वाजून गेले होते. जेल रोडवरची ती शाळा बाराला सुटायची.

"चला," संध्या म्हणाली.

"तुमी जा. तुमीच सांगा त्याला. मी येत नाय."

"माझं तो का ऐकेल? मी कोण त्याची?"

सहादूभाऊंनी लंकाबाईकडे पाहिलं. तिने आत जाऊन त्यांचा स्वच्छ शर्ट आणला. त्यांनी तो घातला नाही. तसेच, तेलकट कपड्यांत, पाना घेऊन गाडीत बसले. बिटकोच्या सिग्नलला गाडी अडकली तेव्हा ते एकदाच बोलले, "चौदा पोरं बसतात त्यात."

ते पोचले तेव्हा शाळा सुटली होती. फाटकाबाहेर पालकांची गर्दी, आणि यादव एकेका मुलाचं दप्तर मागे ठेवत होता. सहादूभाऊ गाडी थांबायच्या आधीच उतरले आणि व्हॅनच्या समोर जाऊन उभे राहिले.

"यादव, पोरं खाली उतरव."

"का? काय झालं?"

"चाकं मी बसवली. माझ्या हाताला कळंना झालंय. नट सैल असतील."

यादव आधी हसला. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने मुलांना खाली घेतलं. पालक जवळ आले. "म्हणजे सकाळी आमची मुलं अशीच आली?" एक बाई ओरडली. एकाने मोबाइल वर धरून शूटिंग सुरू केलं. सहादूभाऊ मान खाली घालून उभे होते. पाना यादवने त्यांच्या हातातून घेतला आणि एकेक नट तपासला. डावीकडचे. उजवीकडचे.

"सगळे टाइट आहेत," तो उठत म्हणाला. "एकसुद्धा हलला नाही. काका, काय तमाशा लावलाय हा?"

संध्याला हायसं वाटलं, आणि लगेच त्याची लाज वाटली. शूटिंग करणारा अजून थांबला नव्हता. "यांचं गॅरेज कुठे आहे? नाव काय यांचं?" तो विचारत होता. सहादूभाऊंनी स्वतःच नाव सांगितलं, पत्ताही सांगितला.

गॅरेजवर आल्यावर सहादूभाऊ स्टुलावर बसले आणि पुंजा पवारांचा फोन लावत राहिले. लंकाबाईने भाकरी वाढून आणली, ती तशीच गार झाली. संध्याला निघता येईना. मनात तिला कळवणला जाणारा दिंडोरीकडचा रस्ता दिसत होता, वणीच्या पुढची वळणं दिसत होती. शाळेची व्हॅन ठीक निघाली. मग हेही ठीक असेल. मग आपण या माणसाचं भर रस्त्यात काय करून ठेवलं?

चारच्या सुमारास फोन वाजला. सहादूभाऊंनी स्पीकर लावला.

"अहो सहादूभाऊ, वीस मिस्ड कॉल! शेतात होतो." पुंजा पवारांचा आवाज मोठा आणि आनंदी होता. "बरं झालं तुम्हीच फोन केलात. काल वणीच्या अलीकडे गाडी डगडग करायला लागली. बघितलं तर दोन नट हातानं निघाले. तिथं एकानं आवळून दिले. तुमच्या हातून असं कसं झालं म्हणतो मी?"

"झालं," सहादूभाऊ म्हणाले. "घरचे समदे बरे हायेत ना?"

"मजेत. नातवंडं होती गाडीत."

फोन ठेवून ते उठले. बाहेर पडलेली हत्यारं एकेक उचलून आत नेली. दोनदा पाना खाली पडला. संध्या पुढे झाली तर त्यांनी हातानेच तिला थांबवलं. सगळं आत गेल्यावर त्यांनी शटर ओढलं.

डॉक्टरांनी नंतर सांगितलं की साखर ताब्यात आली तर आणखी बिघडणार नाही, पण गेलेली संवेदना परत येईल असं नाही. दोन महिने झाले तरी गॅरेज बंदच होतं. दिशा त्या दिवसानंतर संध्याच्या गाडीत बसली नाही. "राग नाही मॅडम, पण नाही जमत," म्हणाली आणि एसटीचा पास काढला.

दिवाळीच्या आधी संध्या फराळाचा डबा घेऊन सहादूभाऊंकडे गेली. लंकाबाईने चहा टाकला. सहादूभाऊ खाटेवर बसले होते. तळपाय आणि हात रोज नीट बघायची सवय त्यांनी लावून घेतली होती, कुठे लागलंय का म्हणून. इकडचं तिकडचं बोलणं झालं. ती उठली तेव्हा ते म्हणाले,

"ताई, तुमी बरं केलं असं मी म्हनायला पायजे. लोक म्हनतात, लंका बी म्हनती."

संध्या थांबली.

"अजून नाय म्हनवत," ते म्हणाले. "म्हनवलं की सांगीन."

"चालेल," ती म्हणाली आणि चपला घालायला खाली वाकली.