तोंडात घास असताना

साहेब, तुम्ही तिचं एक वाक्यही न ऐकता तिला नापास केलंत. हॉटेलातल्या वाढपाच्या जागेसाठी अकरा अर्ज आले, इंग्रजी बोलण्याची चाचणी दहाच जणांची झाली. अकराव्या, तिच्या अर्जावर तुम्ही लाल शाईने खरडलंत : ‘भांडी विभाग. अपात्र.’

सहा वर्षं ती भांडी घासायच्या टाकीपाशी उभी होती. टाकीवर एक खिडकी, उष्ट्या ताटल्या आत घ्यायची. तिथून बाहेर जेवणाऱ्या परदेशी पाहुण्यांचं सगळं इंग्रजी तिच्या कानावर पडायचं. ‘कुड वी हॅव सम वॉटर, प्लीज?’ घासता घासता ती ते घोकायची.

“ताई, साबणालाही प्लीज म्हणतेस का गं?” आचारी खिदळायचा.

“म्हणते. तो बिचारा फेस काढतो, टोमणे नाही काढत.”

निवडलेल्यांना तुम्ही एक कार्ड पाठ करायला लावलंत. ताटली ठेवल्यावर बरोबर दोन मिनिटांनी विचारा, ‘इज एव्हरीथिंग ऑलराइट?’ झालं! सगळे घड्याळ बघून विचारायला लागले, आणि नेमका तेव्हाच पाहुण्याच्या तोंडात घास.

त्या दुपारी तुम्ही स्वतः तपासणीला येऊन जेवत होतात. शेजारच्या टेबलावरच्या परदेशी आजीबाईंना नव्या वाढप्याने तेच विचारलं. तोंडात पाव, बाईंनी नुसतं सुपाकडे बोट केलं. “एन्जॉय युअर मील!” म्हणत गडी पसार.

तिने खिडकीतून पाहिलं. वाटी भरलेली, वाफ गायब. हात पुसत ती बाहेर आली आणि बाईंनी घास गिळेपर्यंत गप्प उभी राहिली.

“आय ॲम सो सॉरी. इज द सूप कोल्ड? शॅल आय ब्रिंग यू अ हॉट वन?”

“ओह, दॅट वुड बी लव्हली!”

गरम सूप आलं. जाताना बाई, साहेब कोण ते विचारून, मुद्दाम तुमच्या टेबलापाशी थांबल्या. “शी इज द बेस्ट वेट्रेस यू हॅव.” आत आचाऱ्याने डावाने पातेलं बडवलं.

तिने ओला ॲप्रन सोडला, खिशातला तो परत आलेला अर्ज तुमच्या ताटलीशेजारी ठेवला.

“उद्यापासून बाहेर ये,” तुम्ही भरल्या तोंडाने म्हणालात.

“येणारच आहे. सावकाश गिळा साहेब, मी थांबते.” तुम्ही गिळलंत. तिने लाल अक्षरांवर बोट ठेवलं. “मला न ऐकता हे कसं लिहिलंत? बोला.”