पहिला घोट आत्याबाईंचा

मी एक जुनं, निळं, प्लॅस्टिकचं पिंप आहे. मित्रांनो, पिंपाला मन असतं की नाही ते मला ठाऊक नाही, पण आठवण असते. माझ्यात जे जे ओतलं गेलं, ते थोडं थोडं मी अंगात मुरवून ठेवलं आहे. माया ठेवली आहे आणि डूखही धरला आहे.

माझा जन्म नदीपलीकडच्या कारखान्यात झाला. आधी माझ्यात संत्र्याचा पाक असे. तो संपल्यावर मामोहाऊ नावाच्या बाईनं मला बाजारातून उचललं, टॅक्सीच्या टपावर बांधलं आणि लेसोथोच्या डोंगरातल्या आपल्या गावी आणलं. ती ज्वारीला मोड आणायची, ते वाळवून दळायची, शिजवायची आणि माझ्यात आंबत ठेवायची. ती जोआला, म्हणजे ज्वारीची बिअर, तयार झाली की दारातल्या काठीवर पांढरं फडकं चढे आणि अर्धं गाव अंगणात जमे.

माझं खरं सुख मात्र जोआला संपल्यावरचं. गाळ कोंबड्यांना घालून मामोहाऊ लगेच कढत पाणी आणायची. मऊ फडक्यानं मला आतून पुसायची. तारेची घासणी कधी लावली नाही. "ओरखडा पडला की त्यात घाण घर करते," म्हणायची. मग तीन दगडांवर मला पालथं घालायची, खालून वारा खेळता राहील असं, आणि झाकण बाजूला उन्हात.

शेजारचे म्हातारे खोआबाने तिला 'म्मे', म्हणजे आई, म्हणत चिडवायचे, "म्मे मामोहाऊ, नवऱ्याला कधी एवढं घासलं होतंत का?"

"नवरा आपला आपण धुऊन घ्यायचा, न्ताते. पिंपाला हात नाहीत."

सुनेला तिनं एवढंच शिकवलं, "रिकाम्या पिंपाला झाकण लावू नकोस आणि त्यात दुसरं काही भरू देऊ नकोस. भरलेल्याची काळजी सगळेच घेतात गं."

गेल्या हिवाळ्यात मामोहाऊ वारली. सून मालिनेओनं सगळं तसंच चालू ठेवलं. तिचा नवरा मोत्लात्सी खाणीवर असे. लेक लिनेओ माझा काठ धरून उभी राहायला शिकली. मालिनेओचा एक डोळा चुलीवर आणि एक लेकीवर असायचा.

आणि मग मोत्लात्सीची आत्या, माटुमेलोबाई, आली. नाकात सदा तपकीर.

"पिंप दे गं. माझ्याकडे लग्न आहे."

आत्येला नाही म्हणायची सोय नव्हती. लग्न झालं. आत्याबाईंनी मला धुतलं नाही. उरलेला गाळ तसाच ओतून टाकला, माझ्यात दुकानातून आणलेलं रॉकेल भरलं आणि वर घट्ट झाकण लावलं. ते रॉकेल माझ्या अंगात शिरत गेलं. मी आतल्या आत गुदमरलो. त्या दिवशीच मी डूख धरला, मित्रांनो.

मी परत आलो तेव्हा माझ्या तळाशी मगभर रॉकेल तसंच होतं. आत्याबाईंनी मला दारात आडवं टाकलं आणि त्या तपकिरीची डबी शोधत आत गेल्या. झाकण सैल होतं, ते निघालं. मालिनेओ झऱ्यावर गेली होती. लिनेओ रांगत माझ्या तोंडाशी आली, आत शिरली आणि तिनं ओंजळ भरून तोंडाला लावली.

मी तिला थांबवू शकलो नाही. पिंपाला हात नाहीत.

पोर खोकत निळी पडली. मालिनेओ किंचाळत धावत आली. खोआबानेंनी घोडा काढला, पोरीला आपल्या घोंगडीत गुंडाळलं आणि मायलेकींना दवाखान्यात पोचवलं. अंगण मोकळं होताच आत्याबाईंनी मला साबणानं धुतलं, तारेनं खरवडलं, तीन दगडांवर पालथं घातलं. नाक लावून हुंगलं. "गेला वास," म्हणाल्या. त्या नाकाला कसला वास येणार!

लिनेओ वाचली. मालिनेओ तिला घेऊन परतली तेव्हा आत्याबाई बायकांना सांगत होत्या, "चुलीशी रॉकेलची बाटली उघडी टाकायची आणि शेजारी लेकरू! शिकलेल्या सुना ह्या!"

"आत्याबाई, रॉकेल पिंपात होतं. तिचे केससुद्धा भिजले होते."

"पिंप मी रिकामं दिलं. ते बघ, तुझ्या सासूनं ठेवलं असतं तसं पालथं आहे. मेलेल्या माणसाच्या वस्तूवर आळ घेतेस?"

मोत्लात्सीनं फोनवर दोघींचं ऐकलं. "आत्या मोठी आहे," एवढंच बोलला. ठरलं असं, की मामोहाऊच्या सुतकाचं काळं कापड उतरवायचा दिवस झाला की लिनेओ आत्याबाईंकडे राहायला जाईल. त्या दिवसाची जोआलाही त्याच करणार, माझ्यातच. "जिला पोर सांभाळता येत नाही, तिला पिंप कशाला?"

रात्रभर मालिनेओ लेकीचा श्वास मोजत बसे. मी अंगणात माझे ओरखडे मोजत होतो. प्रत्येक ओरखड्यात रॉकेल होतं. थंड प्लॅस्टिक तोंड मिटून बसतं, मित्रांनो. कोमट ज्वारी पडली की ते बोलू लागतं.

आत्याबाईंनी मला आपल्या धुरकट खोपट्यात नेलं आणि कोणाला जवळ फिरकू दिलं नाही. ज्वारी आंबत होती आणि मी जपून ठेवलेलं सगळं तिला देत होतो. थेंब थेंब. इतक्या प्रेमानं मी कधीच काम केलं नव्हतं.

तो दिवस आला. मोत्लात्सी घरी आला होता. लिनेओचं गाठोडं दारात बांधून तयार होतं. आमच्याकडे रीत आहे, जिनं जोआला केली तिनं पहिला मग सगळ्यांदेखत प्यायचा, म्हणजे पाहुण्यांना धोका नाही हे कळतं. आत्याबाईंनी मग भरला, मामोहाऊचं नाव घेतलं आणि मोठा घोट घेतला.

नाक मेलं होतं, जीभ जिवंत होती. डोळे पांढरे झाले. थुंकावं तर वारलेल्या वहिनीचा अपमान, गिळावं तर रॉकेल.

"थांबलात का?" खोआबाने म्हणाले. "पहिला मग रिकामा करायचा असतो, म्मे."

आत्याबाईंनी गिळलं. मी एकेक घोट मोजला. लिनेओच्या एकेका खोकल्यामागे एक.

खोआबानेंनी तो मग हातात घेऊन हुंगला. "ही प्यायची आहे की हिच्यावर दिवा लावायचा आहे?" आपली घोंगडी त्यांनी नाकाशी धरली. "पोरीला दवाखान्यात नेलं तेव्हापासून ह्या घोंगडीला हाच वास आहे. पिंपात रॉकेल कुठून आलं, माटुमेलो?"

"रॉकेल कुठलं? त्याच दिवशी साबणानं दोनदा धुतलंय मी!"



"रिकामं दिलं होतंस ना?" खोआबाने हळूच म्हणाले. "मग पोर मरणाच्या दारात असताना रिकामं पिंप कशाला धूत बसलीस?"

मालिनेओनं मोत्लात्सीला माझ्याजवळ आणलं. "डोकं आत घाला." त्यानं घातलं. बाहेर आला तेव्हा डोळ्यांना धार लागली होती, रॉकेलानं की लाजेनं, कोण जाणे. त्यानं दारातलं गाठोडं उचललं, आत नेलं आणि गाठ सोडली.

आता माझ्यात जोआला होत नाही. मी नासलो तो कायमचा. मालिनेओनं नवं पिंप आणलंय, तेही तीन दगडांवर पालथं असतं. मी वाटेच्या कडेला उभा आहे. आत्याबाई झऱ्यावर जाताना मान वळवून जातात. लिनेओ माझ्या पाठीवर थापा मारते आणि मी ढम्म वाजतो, त्यांना ऐकू जाईल इतका मोठ्यानं.

मित्रांनो, शाळेच्या निबंधांतली पिंपं दरवर्षी तुम्हाला विनवतात, आम्हाला स्वच्छ ठेवा, कोरडं ठेवा. मी विनवत नाही. धुवायचं तर काम संपताच धुवा. झाकण उघडं ठेवा. आत भलतंसलतं भरू नका. नाहीतर पहिला घोट तुमचाच आहे, आणि मी वाट बघू शकतो.