मैनाने मला थांबवले तेव्हा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. समजा, तुमची आई कामाला निघाली आहे आणि जाताना तिने दाराला बाहेरून कडी लावली आहे. तुम्ही काही खोडी केलेली नाही. तुम्हाला शिकायला इतरांपेक्षा वेळ लागतो, एवढेच. अंगणात मुले खेळत आहेत आणि तुम्ही खिडकीचे गज धरून उभे आहात. आजच नव्हे, रोज. वर्षानुवर्षे.

आता डोळे उघडा. भिवंडीजवळच्या वळ गावची मैना अशीच मोठी झाली. तिची गोष्ट सांगणारे मी एक जुने कांडी भरायचे यंत्र आहे.

कांडी म्हणजे वीतभर लाकडी नळी. पुठ्ठ्याच्या पोकळ कोनावरचे, म्हणजे शंकूवरचे, सूत मी तिच्यावर गुंडाळते. भरलेली कांडी धोट्यात बसते, धोटा मागावर इकडून तिकडे धावतो आणि कापड विणले जाते. ऐंशी साली मी भिवंडीत फखरुद्दीन शेटांच्या कारखान्यात आले. तेव्हा शेट पाहुण्यांना कौतुकाने सांगत, "ही मशीन सूत तोडत नाही!" पुढे माझ्याहून वेगवान यंत्रे आली. मला दापोड्याच्या गोदामात गोणपाटाखाली ढकलले गेले. उंदरांनी माझा पट्टा कुरतडला आणि कोणी विचारपूसही केली नाही.

अठ्ठ्याऐंशी साली खुर्शीद आपांनी शेटांकडे मागून मला तिथून सोडवले. त्या निवृत्त शिक्षिका होत्या. मैनासारख्या मुलामुलींच्या आईबापांना जमवून त्यांनी वळमध्ये एक खोली घेतली होती. मुलांनी तिथे यावे, काम शिकावे, स्वतःची कमाई घरी न्यावी, असा त्यांचा बेत होता. मैना तेव्हा अठरा वर्षांची होती. एक नियम शिकायला तिला तीन महिने लागले. नवा कोन लावण्याआधी तो उलटा करून आत पाहायचे. सुताची जाडी बदलली की पुठ्ठ्याचा आतला रंगही बदलतो. रंग वेगळा दिसला तर मशीन बंद करायची आणि आपांना हाक मारायची.

शेट मात्र साशंक होते. "आपा, गुरुवारी चारच्या आत दोन टोपल्या कांड्या द्या. जमलं तर काम तुमचं. नाहीतर मशीन परत नेतो."

काम गेले तर मैना पुन्हा कडीच्या आत जाणार होती. हे तिची आई सीताबाई जाणत होती. म्हणून गुरुवारी मजुरीला न जाता ती दारात बसून राहिली.

तीन वाजले. एक टोपली भरली होती, दुसरी अर्धी झाली होती. मैनाने नवा कोन उचलला, उलटा केला आणि माझे बटण बंद केले.

"आपा!"

शेटांचा माणूस अनंता सूत घेऊन आला होता, तो उठला. "काय झालं गो? येल जातोय, चार वाजतील!"

"हा निळा हाय. आधीचे तांबडे व्हते."

"आतला कागद निळा का तांबडा, सूत पांढरंच हाय ना? कागद इनायचा हाय का तुला?" अनंता हसला. मैना हसली नाही. तिने बटणावर हात ठेवला.

सीताबाई दारातून उठून आली. "चालू कर गो बाय. एवढ्या बारीनं ऐक. नायतर परत घरात बसशील."

मैनाच्या डोळ्यांत पाणी आले. तिचा हात मात्र बटणावरून हलला नाही. "आपा बोलल्यात, बंद."

आपांनी दोन्ही सुते चिमटीत धरली. चष्मा पुसून पुन्हा पाहिली. त्यांना फरक कळेना. मित्रांनो, माझ्यात वीज होती तरी मी गार पडले. आपांनी नुसती मान हलवली असती, तरी मला फिरावे लागले असते.

"थांबायला मीच शिकवलं हिला," त्या हळूच म्हणाल्या. "आता मीच कसं सांगू, थांबू नको म्हणून? राहू दे, अनंता."

"शेटला काय सांगू? येडी पोर मशीनवर बसवली म्हणून?" अनंताने भरलेल्या कांड्या आणि उरलेल्या सुताची पेटी टेम्पोत चढवली आणि तो निघून गेला. त्या संध्याकाळी सीताबाईने मैनाचा हात इतका घट्ट धरून तिला घरी नेले, की जणू कोणी पोरीला तिच्यापासून हिसकावून नेत होते.

सकाळी शेट स्वतः आले. टेम्पो आणि दोन माणसे सोबत होती. मला उचलायलाच आली असतील, असे मला वाटले. शेटांच्या हातात कापडाचा तुकडा होता.

"काल मशीन कोणी बंद केली?"

सीताबाई मुलीच्या पुढे येऊन उभी राहिली. मैना तिच्यामागून बाहेर आली. "मी."

शेटांनी कापड उलगडले. पांढऱ्या कापडात आडवे जाड पट्टे उठले होते. "त्याच पेटीतलं थोडं सूत रात्री दुसऱ्या कारखान्यात भरलं. विणलेला सगळा माल असा झाला. पेटीत दोन जाडीचे कोन मिसळले होते. चूक आमच्या गोदामाची." ते आपांकडे वळले. "काम तुमचं, आपा. मशीन इथेच राहील."

सीताबाई मटकन खाली बसली आणि पदरात तोंड लपवून रडू लागली.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला गंज लागू नये म्हणून तेलाचे चार थेंब पुरतात. माणसाला मात्र काम लागते, आणि ते शिकायला त्याला लागेल तेवढा वेळ. तो देताना घड्याळाकडे पाहू नका.

मैनाला मात्र रडायला किंवा हसायला सवड नव्हती. "शेट, ती पेटी कुठाय? वेगळं करायचं हाय," ती म्हणाली.

पेटी टेम्पोतच होती. माणसांनी ती आणून जमिनीवर रिकामी केली. मैना मांडी घालून बसली आणि कोन लावू लागली, एका ओळीत तांबडे, दुसरीत निळे. थोड्या वेळाने शेटही उकिडवे बसले. त्यांनी एक कोन उचलला, वरचे सूत निरखले आणि तांबड्यांत ठेवला.

मैनाने तो उचलला, उलटा करून त्यांना दाखवला आणि निळ्यांत ठेवला.