हवाबंद खत

"या एका पिंपातून पृथ्वी वाचणार आहे," असं जाहीर करून काकांनी बाल्कनीतल्या पिंपाचं झाकण उचललं. पृथ्वीचं कळलं नाही. शेजारच्या खिडक्या मात्र धडाधड बंद झाल्या.

"अहो, आत मेलंय कोण?" काकूंनी नाक दाबून विचारलं.

"मेलं नाही, कुजतंय. प्रक्रिया असते ती."

"प्रक्रिया तुमची, वास अख्ख्या इमारतीला. संध्याकाळपर्यंत याचं काही केलं नाहीत तर मी चालले बहिणीकडे. मग बसा पृथ्वीला घेऊन."

काका बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगचे सुपरवायझर होते. बत्तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं: पुड्यात हवा जाऊ दिली नाही. निवृत्त झाल्यापासून घरात कशाला हात लावावा तर "तुम्ही बसा हो" ऐकायचं. या पिंपाबद्दल तेवढं कोणी तसं म्हणालं नव्हतं. म्हणून साली, देठं, चहाचा चोथा सगळं त्यांनी जीव ओतून ठेचून भरलं, आणि झाकणाला तीन पदरी चिकटपट्टी मारली.

काकूंनी चष्मा लावून पिंपासोबत आलेली पुस्तिका उघडली. "पिंपाला भोकं पाडा म्हणतायत. पहिल्याच पानावर."

"छपाईची चूक असेल."

"चित्र काढलंय."

"भोक म्हणजे नापास माल. असा एक पुडा मी बाहेर जाऊ दिला नाही कधी."

"पुडा नाहीये हा. कचऱ्यालासुद्धा हवा लागते, माणसासारखी."

संध्याकाळी काकूंनी बहिणीला लावायला फोन उचलला, तेव्हा काका मुकाट्याने उठले. गॅसवर स्क्रूड्रायव्हर तापवला, पिंपावर पट्टी धरून खुणा केल्या. प्रत्येक भोकाला त्यांचे डोळे आपोआप मिटत होते. सोळा भोकं झाली, सगळी सारख्या अंतरावर. मग आतला चिखल उकरून त्यांनी त्यात सुकी पानं कालवली.

शेवटच्या भोकावर बोट ठेवून ते कितीतरी वेळ वाकलेले राहिले.

"अगं, इकडे ये. श्वास घेतंय हे."

काकूंनी फोन ठेवला. येऊन बोट लावलं. आतून खरंच ऊब येत होती.

"बरं," काकू म्हणाल्या, "तो स्क्रूड्रायव्हर हातात आहे तोवर कुकरचं हँडल तेवढं आवळून द्या."