जुळी अक्षरं

बाबांना इंग्रजी वाचायची फारशी आवड नव्हती, पण इंग्रजी शब्दांकडे ते फार बारकाईने बघायचे. पाट्यांसाठी पितळेच्या पत्र्यातून अक्षरं कापणं हा त्यांचा धंदा. शब्दात एखादं अक्षर लागोपाठ दोनदा आलं की त्यांची कळी खुलायची. मग ते दोन पत्रे एकावर एक ठेवून स्क्रूने जखडत आणि बारीक करवतीने एकदाच कापत. एका मेहनतीत दोन अक्षरं. त्यांना ते जुळी म्हणायचे आणि जुळी शेजारीशेजारीच लावायची, हा त्यांचा नियम होता.

त्यामुळे आमच्या घरात शब्द खाऊसारखे आणले जायचे. कॉफीत एफ दोन आणि ई दोन, कमिटीत तर एम, टी, ई अशा तीन जोड्या, हे ताईला आणि मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. दुर्मीळ जोडीला जास्त मान. व्हॅक्यूममधले दोन यू मी शाळेतून धावत आणले होते. ताईने स्कीइंगमधले दोन आय आणले, तेव्हा बाबांनी ते मानले, पण असल्या शब्दाची पाटी कोण लावणार, अशी शंकाही काढली. शेवटी ताईने बुककीपर आणला. दोन ओ, दोन के, दोन ई, सगळे ओळीने, मध्ये एकही परकं अक्षर नाही. त्या दिवशी मी हरले ती हरलेच.

पुढे ताई खरोखरच हिशेबनीस झाली. केवळ त्या शब्दापायी झाली, असं आई म्हणते. यंदा तिने स्वतःचं ऑफिस घेतलं आणि दारावर तोच शब्द हवा म्हणाली, बाबांच्या हातचा.

पंचाईत अशी की बाबांनी वर्षभर करवत धरली नव्हती. उजवा हात थरथरायचा. आलेलं काम ते मशीनवाल्याकडे पाठवत आणि दुपारभर रिकाम्या बाकाशी रेडिओ ऐकत बसत. ताईची पाटीही मशीनवाल्याकडेच द्या, असं त्यांनी सांगितलं. मग दार बोडकंच राहू दे, असं ताईने कळवलं. हा हट्टीपणा तिने कुणाकडून घेतला, यावर आई-बाबांचं बराच वेळ एकमत होईना.

अखेर एका सकाळी बाबांनी आपणहून पत्रे जखडले. ओची जोडी बरी निघाली. केच्या तिरक्या पायावर मात्र हात घसरला आणि पायाला पोटरीसारखा फुगवटा आला. पत्रे सुटे करून त्यांनी दोन्ही के बाकावर ठेवले. मला ते छानच दिसले. दोघांना एकाच जागी तेवढाच फुगवटा होता, जणू त्या अक्षराची घडणच तशी. नुकत्याच मिळालेल्या पदवीच्या तोऱ्यात मी तसं म्हटलंही.

"पदवी मिळाली म्हणून डोळे नवे मिळत नाहीत," बाबा म्हणाले. "मशीनवाल्याला फोन कर. माझं हे शेवटचं."

एवढं बोलून ते आत जाऊन आडवे झाले. मी फोन केला नाही.

अक्षरांच्या कडा घासायचं काम आईचं. कानस तिच्या हातात लग्नापासून आहे. बाबांचा डोळा लागलेला बघून तिने मला दारात पहाऱ्याला उभं केलं, एक के शिकंज्यात धरला आणि त्याचा फुगवटा अलगद उतरवला. दुसरा उचलायला ती वळली, तोच बाबा पाणी प्यायला बाहेर आले. माझा पहारा काही कामाचा नव्हता.

बाकावर दोन्ही के शेजारीशेजारी पडले होते. एकाचा पाय सरळ. दुसऱ्याचा, सकाळी मला छान वाटलेला, आता चक्क सुजल्यासारखा दिसत होता. आईने कानस पाठीमागे लपवली.

"अगं, इतकी वर्षं माझ्याबरोबर काम करतेस," बाबा म्हणाले, "आणि जुळ्यांतल्या एकालाच सुधारलंस?"

"दुसऱ्याकडेच वळले होते. तुम्हीच उठलात."

आता ते चिडतील, नाहीतर काही न बोलता आत जातील, असं मला वाटलं. आत जाणं जास्त वाईट झालं असतं. पण त्यांनी सुजलेला के उचलून उजेडात धरला, पुन्हा खाली ठेवला आणि दोघांकडे बघत राहिले.

"सकाळी बरी दिसत होती की ही दोघं."

मी सांगितलं की डोळ्याजवळ मोजपट्टी नसते. तो शेजाऱ्याशी ताडून बघतो. दोघांत चूक सारखीच असली तर त्याला ती चूक वाटत नाही.

"मग हे सकाळी का नाही बोललीस?"

"बोलले होते. तुम्ही माझ्या डोळ्यांवर घसरलात."

बाबा हसले. "नवे पत्रे आण. आणि आधी आईच्या हातातली ती कानस काढून घे."

नव्या के-जोडीलाही पोटरी आलीच, जरा वेगळी, पण दोघांना सारखी. ई तिळे निघाले, कारण शब्दात पुढे तिसरा ई आहे. उरले बी, पी आणि आर. तिथे बाबा अडले. एकट्या अक्षराला सांभाळून घ्यायला जोडीदार नसतो. ते बोटाने हवेत तिन्ही अक्षरं गिरवत बसले. मग त्यांनी तीन पत्रे एकत्र जखडले. उभा दांडा आणि वरचं पोट तिघांचं सारखंच, तेवढं एकदम कापलं. खालचा भाग ज्याचा त्याचा वेगळा. तिघांचे दांडे एकाच बाजूला किंचित झुकले आणि भावंडं शोभली.

पाटी लागली तेव्हा ताईने एका केच्या पोटरीवर बोट फिरवलं, मग दुसऱ्याच्या. मग ती बाबांचा उजवा हात धरून उभी राहिली.

बाबा दाराकडे बघत होते.

"नुसता एक शब्द बरा दिसत नाही," ते म्हणाले. "खाली ऑफिस हवं. त्यात एफ दोन आहेत."

"मग अ‍ॅड्रेसने काय घोडं मारलंय?" आई म्हणाली.

"डी दोन, एस दोन." बाबांनी हात सोडवून घेतला, खिशातली मोजपट्टी काढली आणि दाराची उरलेली जागा मापायला लागले.