राहणार कोण

सुनेनं चुन्याची शेवटची रेघ ओढली, कोपरा जुळवला आणि कंबरेवर हात ठेवून ती मागे सरकली. परसात आता एक घर आडवं पडलं होतं. एक खोली, तिला लागून स्वयंपाकाचा ओटा, कोपऱ्यात न्हाणीघर. कागदावर ऐसपैस वाटणारं ते घर जमिनीवर उतरल्यावर पलंगावरच्या चादरीएवढं दिसायला लागलं होतं.

"यात आई राहणार, की आईच्या चपला?" नवऱ्यानं विचारलं.

"भिंती उठल्या की मोठं दिसतं. आर्किटेक्टबाईंनी आधीच सांगितलंय," सून म्हणाली. तरी पावलं टाकत तिनं पलंगाची जागा पुन्हा एकदा मापून घेतली.

सासूबाई मागच्या दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

"पुष्कळ आहे," त्या म्हणाल्या. "आडवं व्हायला माणसाला कितीशी जागा लागते?"

आणि चौकटीला धरून, एकेक पाऊल टेकवत त्या आत गेल्या. नवरा चुन्याच्या घमेल्यात बघत राहिला. सुनेनं हात झटकले, पण चुना बोटांच्या पेरांत गेला होता, तो निघेना.

घर तसं लहान होतं. खाली बैठक, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि नवरा-बायकोची खोली. वर एकच लांबोडकी खोली, तिच्यात मधोमध कपाट उभं करून अलीकडे सासूबाई आणि पलीकडे दोघी मुली. मुली मोठ्या होत होत्या, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना जिना दिवसेंदिवस वैऱ्यासारखा झाला होता. रात्री न्हाणीघरात जायचं तर त्या बसून एकेक पायरी उतरायच्या. परसात त्यांच्यासाठी वेगळं छोटं घर बांधावं ही कल्पना सुनेची. नवऱ्यानं मान डोलावली, सासूबाईंनी तीही नाही. "तुम्ही म्हणाल तसं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर त्या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

कामाला लागली ती सून. कुंपणापासून किती अंतर सोडायचं, सांडपाण्याला उतार किती द्यायचा, आगीचा बंब कुठून आत येणार, हे सगळं तिला तोंडपाठ झालं. दवाखान्यात ती एक्स-रे काढायची. दोन पेशंटांच्या मधल्या वेळात ती मंजुरीच्या ऑफिसला फोन लावायची. तिथल्या कारकुनानं तर एकदा विचारलंच, "बाई, तुम्ही आमच्याकडे नोकरीला का येत नाही?"

या साऱ्या खटपटीत तिचा स्वतःचाही एक लोभ होता. तो तिनं नवऱ्यालाही सांगितला नव्हता. लग्न होऊन आल्यापासून ती सासूबाईंच्या मांडणीत स्वयंपाक करत आली होती. एकदा तरी आपल्या ओट्यापाशी एकटीनं उभं राहावं, मिठाचा डबा जिथे ठेवला तिथेच दुसऱ्या दिवशी सापडावा, एवढीच तिची इच्छा. पण त्या इच्छेचं मोल सासूबाईच मोजणार होत्या हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच "आडवं व्हायला" हे शब्द तिच्या कानात दिवसभर वाजत राहिले.

मंजुरी अडली ती झाडापाशी. झाड त्यांचं नव्हतंच. भिंतीपलीकडे, शेजाऱ्यांच्या आवारात ते उभं होतं. बुंधा तिघांच्या कवेत जेमतेम मावेल एवढा, आणि सावली दोन्ही घरांना पुरून उरेल एवढी. ऑफिसातून निरोप आला की पाया खणण्याआधी त्याची मुळं कुठवर आलीत ते बघावं लागेल. झाडांचे अधिकारी येतील.

ते आले एका सकाळी, दोन कामगार आणि एक कॉम्प्रेसर घेऊन. उंच, मितभाषी गृहस्थ, डोक्यावर विटलेली टोपी.

"कुदळ-फावडं काही लावायचं नाही," त्यांनी बजावलं. "हवेनं माती उडवायची. माती सैल होऊन निघते, मूळ जागच्या जागी राहतं."

नळी सुरू झाली तशी धुळीचा लोट उठला. नवऱ्यानं नाकाला रुमाल लावला. मुली वरच्या खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. चुन्याच्या रेघा पहिल्या झटक्यातच उडून गेल्या. बराच वेळ नुसती मातीच निघत होती, आणि सुनेला हायसं वाटायला लागलं होतं. भिंतीपासून एवढ्या लांब काय येणार आहे?

मग धुळीतून काहीतरी काळसर, गुळगुळीत वर आलं.

"थांबा," अधिकारी म्हणाले. त्यांनी स्वतः नळी हातात घेतली आणि दाब कमी करून, लहान मुलाला न्हाऊ घालावं तशा बेतानं ते त्याच्या कडेकडेनं माती काढत गेले. मूळ उघडं होत गेलं. आधी मनगटाएवढं वाटलं, मग मांडीएवढं, आणि शेवटी चराच्या तळाशी ते सगळं दिसलं. माणसाच्या धडाएवढं जाड मूळ भिंतीखालून आलं होतं, अख्खं परस ओलांडून, एके ठिकाणी जुन्या दगडाला वळसा घालून, सरळ घराच्या दिशेनं गेलं होतं. त्याला फुटलेली बारकी मुळं केसांसारखी वाऱ्यावर हलत होती.

सुनेनं आयुष्यभर माणसांच्या आतलं पाहिलं होतं. बरगड्या, मणके, काळोखात उजळलेलं फुप्फुस. त्याची तिला सवय झाली होती. आज मात्र तिच्या अंगावर काटा आला. ज्या जमिनीवर ती रोज कपडे वाळत घालत होती, तिच्यात हे होतं. ती या घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून होतं, आणि तिच्या पावलांखाली मुकाट्यानं पुढे सरकत होतं.

"कुठवर गेलंय?" नवऱ्यानं विचारलं. त्याचा आवाज आपोआप खाली आला होता.

"तुमच्या घराखालून पलीकडे," अधिकारी म्हणाले. "पाण्याकडे जातं ते. हे तोडलं तर झाड एका बाजूला कलेल."

सासूबाई केव्हा बाहेर आल्या कोणाला कळलं नाही. परसाच्या दोन पायऱ्या त्या कोणाचा हात न धरता उतरल्या होत्या. चराच्या काठावर त्या आधी वाकल्या, मग सरळ मातीत बसल्या आणि हात लांब करून त्यांनी तळवा मुळावर टेकवला.

"गार आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझ्या ओट्याखालनं गेलंय हे. मी वर भांडी आपटत होते, आणि हे खाली…"

अधिकाऱ्यांनी टोपी काढून घाम पुसला आणि ती पुन्हा घालायची विसरून ते तसेच उभे राहिले.

निर्णय होईपर्यंत मूळ ओल्या पोत्यांनी झाकून ठेवायचं होतं. ते काम सासूबाईंनी न सांगता उचललं. सकाळ-संध्याकाळ त्या झारी घेऊन खाली यायच्या, पोती भिजवायच्या आणि चराशेजारी स्टूल टाकून बसायच्या. काय बघत असायच्या ते त्यांनाच ठाऊक. सून खिडकीतून बघायची आणि तिला वाटायचं, मनातल्या मनात आपल्याला दोष देत असतील.

आर्किटेक्टबाईंनी नकाशा नव्यानं काढला. आता पाया नव्हताच; मुळाच्या दोन्ही अंगांना खांब, आणि त्यांच्यावर घर, जमिनीपासून उचललेलं. झाड वाचलं, पण दारात पायऱ्या आल्या. सासूबाईंसाठी चाकाची खुर्ची जाईल असा उतार करायचा तर तो पार फाटकापर्यंत लांबवावा लागत होता, आणि तिथे पुन्हा अंतराचा नियम आडवा येत होता. सून हरली नाही. उतारासाठी खास सवलत मागायची, असं ठरवून तिनं सुनावणीची तारीख घेतली. जागा सासूबाईंच्या नावावर, म्हणून त्यांनाही यावं लागणार होतं.

मंजुरी देणाऱ्या बाई वयानं फार मोठ्या नव्हत्या. टेबलावर नकाशा पसरून त्यांनी तो शांतपणे वाचला. झाडाची माहिती असलेल्या पानावर त्या थोड्या रेंगाळल्या.

"छान केलंय," त्या म्हणाल्या. "आता एकच. ही जागा भाड्यानं देता येत नाही, घरच्याच माणसांसाठी असते. तर तिथे राहणार कोण?"

सुनेनं तोंड उघडलं. उत्तर तिला पाठ होतं, सोबत डॉक्टरांचं गुडघ्यांबद्दलचं पत्रही होतं.

"ही," सासूबाई म्हणाल्या. "ही आणि माझा मुलगा."

सुनेला वाटलं, त्यांना प्रश्न कळला नाही. "आई, त्या नव्या घराबद्दल विचारतायत."

"अगं, मग मी कशाबद्दल सांगतेय?" सासूबाई बाईंकडे वळल्या. "उतार-बितार काही नको. पायऱ्या ठेवा. हिचे गुडघे चांगले आहेत."

नवऱ्याला खोकला आला. मंजुरीच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तुम्ही मोठ्या घरात राहणार?"

"यांची खालची खोली रिकामी होईल ना, ती मला. जिना सुटला. नातींना वरची सगळी मोकळी. एवढं साधं गणित, पण घरात कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. रोज त्या मुळापाशी बसून बघत होते तेव्हा सुचलं." पुढचं त्यांनी कोणाकडेच न बघता सांगितलं. "ही आली तेव्हापासून माझ्याच डब्यांत हात घालून सगळ्यांना वाढतेय. कधी एक डबा इकडचा तिकडे केला नाही. केला तर मी परत ठेवायचे. मला दिसत होतं, बाई. दिसत नव्हतं असं नाही."

सुनेच्या हातातलं पत्र हातातच राहिलं. शेजारी बसलेली ही बाई, जिची औषधं, जिच्या सवयी, जिचा राग ती इतकी वर्षं ओळखून होती, तिच्याकडे ती मान वळवून बघत राहिली. जिन्यावरून बसून उतरणारी ही बाई केव्हा, कुठून एवढ्या लांब येऊन पोचली?

"मग उताराचा अर्ज मागे," मंजुरीच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी त्या ओळीवर काट मारली. "बाकी माझी हरकत नाही. फक्त," त्यांनी नकाशा सुनेकडे फिरवला, "हे सगळं यांच्या बेतानं काढलेलं दिसतंय. आता तुम्ही राहणार, तर तुम्हाला काही बदल हवा असेल तो आत्ताच सांगा. सही झाल्यावर पुन्हा फेऱ्या माराव्या लागतील."

सुनेनं नकाशा पुढे ओढला. त्यातली रेघ न् रेघ तिनं सांगितलेली होती. न्हाणीघरात धरायला दांडे, हात वर न करता पोचतील अशी फडताळं, बसून काम करता येईल असा बुटका ओटा. पलंगाची उशी कुठल्या बाजूला येणार तेही तिला ठाऊक होतं. कारकुनाला, आर्किटेक्टबाईंना, झाडांच्या अधिकाऱ्यांना तिनं आजवर कुठल्याच प्रश्नाला वाट बघायला लावलं नव्हतं.

त्यात स्वतःला काय हवं, ते ती शोधत राहिली. मागे रांगेत कोणीतरी घसा खाकरला.

"मला जरा…" ती म्हणाली.

सासूबाईंनी पिशवीतून आपला चष्मा काढला, पदरानं पुसला आणि टेबलावरून तिच्याकडे सरकवला.

"बघू दे तिला," त्या मंजुरीच्या बाईंना म्हणाल्या. "घाई नाही."