महिपत लोहाराचा दम

मी एक जुना भाता आहे. ठाण्यात, खोपटच्या रस्त्यालगत, महिपत लोहाराच्या भट्टीशी माझं आयुष्य गेलं. माझ्या सागाच्या फळ्या आणि जाड चामड्याचं पोट त्याच्या वडिलांनी जुळवलं. दोरी ओढली की माझ्यातून वारा सुटे, निखारे फुलत, बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा लालबुंद होत. गाडीवाले म्हणत, "महिपतच्या भात्यात दम आहे." मी मनातून फुगून जाई.

मग दुसऱ्या महायुद्धात महिपत फौजेत भरती झाला. मी कोपऱ्यात धूळ खात पडलो. माझं चामडं तडकलं.

लढाई संपली, तो परतला. पण चार घाव घातले की खोकल्याची उबळ येई, ओठ निळे पडत. डॉक्टर म्हणाले, "छाती आतून भाजली आहे. धुरापासून लांब राहायचं."

त्याच्या बायकोनं, मालननं, मला करंजेल चोळलं. दोरी हाती घेतली, हातोडाही उचलला. महिपत बाहेर बाकावर बसे. गाडीवाले कुजबुजत, "बायको राबते आणि हा हवा खातो." तो काही सांगू पाही. दोन शब्दांतच धाप लागे, तोवर समोरचा निघून गेलेला असे.

एकावन्न सालच्या उन्हाळ्यात कोपर गावचा आनंदा पत्ता विचारत आला आणि थेट महिपतच्या पाया पडला.

"वहिनी," तो मालनला म्हणाला, "फौजेच्या गोदामात विषारी गॅसचं पिंप फुटलं. सगळे पळाले. मी आतच पडलेलो. यानं स्वतःचा मास्क काढून मला चढवला, खांद्यावर घालून बाहेर आणलं. माझा खोकला गेला, याचा राहिला."

मालनच्या हातून सांडशी निसटली. "अहो, मला कधी सांगितलं का नाही?"

"बोलायला घ्यायचो," महिपत थांबला, "पण दम... पुरायचा नाही."

मित्रांनो, मी थक्क झालो. जन्मभर मी वारा फुंकला, पण आपल्या वाटचा श्वास दुसऱ्याला देणारा माणूस माझ्याशेजारी बसतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

मालननं माझी दोरी खुंटीला अडकवली. भट्टी विझू दिली. त्याच्यासमोर बसून म्हणाली, "सांगा. मला घाई नाही."

दिवेलागणीपर्यंत तो थांबत थांबत बोलत राहिला. तिनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही.

आता माझं चामडं विरलं आहे. स्वतःसाठी काही मागत नाही. एवढंच करा: बोलता बोलता कुणाला धाप लागली, तर निघून जाऊ नका. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या.